दुखायचं थांबलं, तरी भाकरी एवढ्यात नको

पत्र असं आहे :

"ताई, मी ६३ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सातारा जिल्ह्यात राहते. वरचे दात गेल्यावर नऊ वर्षं कवळी वापरली. तीन आठवड्यांपूर्वी वरच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांवर तात्पुरते फिक्स दात लावून दिले. सूज उतरली, टाके निघाले, आता दुखत नाही. पण च आणि ज नीट उमटत नाहीत. नातू म्हणतो, आजी शिट्टी वाजवते. जेवणाला चव नाही, सगळं लाकूड चावल्यासारखं. आरशात बघितलं की दुसरीच कुणी बाई दिसते. खर्च मुलानं केलाय, त्यामुळे घरात कुरकुर करायची सोय नाही. डॉक्टर म्हणाले, चार महिने मऊच खा. दुखत नाही तर भाकरी का नको? निदान दिवाळीला चकली? आणि एक राहिलंच. लहानपणापासून मिश्रीची सवय आहे. ऑपरेशनच्या आधी बंद केली होती, या आठवड्यात दोनदा लावली. डॉक्टरांना बोललेले नाही."

बाई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'एक राहिलंच' म्हणून शेवटी लिहिली आहे. पेशंट असंच करतात. पस्तीस वर्षं दवाखाना चालवला, त्यात खरी गोष्ट बहुतेक वेळा दाराच्या कडीला हात लागल्यावरच ऐकली. मिश्रीकडे मी येणार आहे, सुटका नाही. पण आधी भाकरीचं बघू, कारण ते कळलं की मिश्रीचंही कळेल.

गोठ्यात मेढ रोवलेली तुम्ही पाहिली असेल. खड्डा खणायचा, मेढ उभी करायची, बाजूनं दगड ठोकून घट्ट करायची. त्या दिवशी ती हलत नाही. मग पहिला पाऊस होतो, माती भुसभुशीत होते. मेढ दिसायला सरळच उभी असते, पण त्या दिवसांत तिला म्हैस बांधली तर संध्याकाळपर्यंत कलते. पुढे माती बसते, दबते, आणि मग ती मेढ वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या जबड्यात हेच चाललं आहे. ऑपरेशनच्या दिवशी टायटॅनियमचा स्क्रू हाडात आवळून बसवला, ती पकड नुसत्या आवळण्याची. त्यानंतर शरीर स्क्रूभोवतीचं दुखावलेलं जुनं हाड हळूहळू विरघळवून टाकतं आणि त्या जागी नवं हाड भरायला लागतं. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी अजून धरायची आहे, असा एक मधला काळ असतो. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो.

म्हणजे तुमचा आत्ताचा आठवडा, बाई. दुखायचं थांबलं आणि इम्प्लांट सगळ्यात नाजूक अवस्थेत आला, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. हाडाच्या आत काय चाललंय ते दुखून कळत नाही, दुखते ती हिरडी, आणि हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते. म्हणून 'दुखत नाही तर का नको' या प्रश्नाचं उत्तर असं की दुखण्याचा आणि हाड धरण्याचा संबंधच नाही. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा विरळ असतं, ते धरायला वेळ जास्त घेतं. खाली तीन-चार महिन्यांत काम होतं, वर चार ते सहा लागू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी चार सांगितले ते काही जास्त सांगितले नाहीत.

माझ्या एका पेशंटनं सहाव्या आठवड्यात गावच्या जत्रेत मटणाची नळी फोडली. दात तुटला नाही, काही दुखलं नाही. दोन महिन्यांनी आला तेव्हा इम्प्लांट बोटानं हलत होता. काढावा लागला, हाड भरून यायची वाट बघावी लागली, मग पुन्हा पहिल्यापासून. मीही काही साव नाही. माझ्या खालच्या दाढेचा इम्प्लांट झाला तेव्हा पाचव्या आठवड्यात मी भाजलेले चणे खाल्ले. दुसऱ्या बाजूनं खाल्ले अशी स्वतःची समजूत घातली. माझा एकच होता आणि त्याच्यावर दात बसवलेला नव्हता, तो हिरडीखाली झाकून ठेवलेला होता, म्हणून निभावलं. तुमच्या चौघांवर तर दुसऱ्या दिवसापासून अख्खी बत्तिशीची वरची फळी आहे.

या विद्येचे जनक स्वीडनचे ब्रोनेमार्क. १९५२ च्या सुमाराला ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर उपकरणं काढायला गेले तर निघेनात, हाडानं धरून ठेवली होती. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात त्यांनी इम्प्लांट बसवले, ते तो २००६ मध्ये वारला तोपर्यंत चालले. चाळीस वर्षं. पण त्या काळी इम्प्लांट हिरडीखाली झाकून कित्येक महिने हात लावायचा नाही, अशी पद्धत होती. तुम्हाला दुसऱ्या दिवशी दात मिळाले ही नंतरची सोय. सोय झाली म्हणून हाडाचा वेग वाढलेला नाही.

आता मऊ म्हणजे काय ते नीट ठरवू, कारण 'मऊ खा' एवढं सांगून आम्ही डॉक्टर मोकळे होतो आणि पेशंट मऊसूत म्हणून डाळमोठ खातो. चिमटीत धरून दाबल्यावर चुरडलं तर ते मऊ. गुरगुट्या भात, तूप, मेतकूट. मुगाची खिचडी. पिठलं. डाळ घालून शिजवलेली पालेभाजी. अंड्याची भुर्जी, पनीर, काटे काढलेला मासा. उकडलेलं रताळं, पिकलेली पपई. आणि भाकरी कुणी सोडायला सांगितली आहे? दुधात किंवा आमटीत कुस्करून, दहा मिनिटं भिजू देऊन खुशाल खा. लहान मुलाचा काला म्हणून नाक मुरडू नका, लहानपणी तो आवडतच होता की. नुसतं पेज-खीर करत बसू नका, वरण, अंडं, दही यांतलं काहीतरी रोज पोटात जायला हवं. जखम भरायला आणि हाड धरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे आजारी माणूस साबुदाण्याच्या खिरीवर जगतो.

चकली या दिवाळीला नाही. चिवडा, कडक लाडू, पापड, शेंगदाण्याची कोरडी चटणी, ऊस, कणीस, पेरू, सुपारी, काहीच नाही. पुढच्या दातांनी तोडायचंही नाही, तुकडा करून बाजूला ठेवून चावायचं, तोही दोन्ही बाजूंनी सारखा. तीळ आणि खसखस दातांच्या फळीखाली जाऊन बसतात, त्यांनाही रजा. सातारकर आहात म्हणून सांगते, कंदी पेढा चालेल. अर्धा. नंतर चूळ.

चवीबद्दल मला वेगळाच संशय आहे. तुमची जुनी कवळी टाळू झाकत होती. आता टाळू उघडा आहे, म्हणजे चव आणि अन्नाचं गरम-गार उलट जास्त कळायला हवं. मग चव गेली कुठे? ऑपरेशननंतर क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल, ते तुम्ही अजून दोन वेळा वापरताय का? ते जंतू चांगले मारतं, पण जास्त दिवस वापरलं की तोंडाची चव बिघडवतं आणि दातांवर, जिभेवर तपकिरी डाग पाडतं. साधारण एक-दोन आठवड्यांसाठी ते देतात. आमचे पेशंट मात्र बाटली संपेपर्यंत वापरतात, पुढे दुसरी आणतात, कारण औषध वाया घालवायचं नाही ही आपली शिकवण. डॉक्टरांना विचारा, बंद करू का. बंद केल्यावर चव थोड्या दिवसांत परत येते.

'लाकूड' मात्र वेगळं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ तंतूंचं आवरण असतं, दात त्यात झोळीत टांगल्यासारखा असतो. भातात खडा आला की दात फुटायच्या आत आपण थांबतो, ते त्या तंतूंमुळे. इम्प्लांट सरळ हाडाला चिकटतो, मध्ये झोळी नाही. त्यामुळे किती जोर लावलाय ते बोथट कळतं. हाड, जबड्याचे स्नायू आणि खालचे तुमचे स्वतःचे दात हळूहळू ही माहिती पुरवायला शिकतात, त्याला काही महिने लागतात. त्यात कवळीनं तुम्ही नऊ वर्षं बेताबेतानं चावत होतात, कारण जोर लावला की ती निसटायची. आता निसटत नाही, म्हणून नकळत जोर वाढतो. गाल आणि जीभ चावली जाते ती त्यातूनच. सावकाश जेवा. टीव्ही बंद करून.

आता च आणि ज. तुम्ही शिकवलेलं तुम्हालाच सांगते, माफ करा. आपल्या मराठीत च दोन. चहातला, चंद्रातला च वेगळा आणि चमच्यातला, चुलीतला वेगळा. दुसऱ्या च साठी, आणि जाळ, झोप यांतल्या ज-झ साठीही, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे नेमक्या जागी टेकावं लागतं. नऊ वर्षं तुमची जीभ कवळीच्या जाड टाळूला टेकून हे आवाज काढत होती. तो टाळू गेला, दातांची मागची बाजू बदलली, आणि सूज उतरल्यावर फळी आणि हिरडी यांच्यात फट पडली असेल तर हवा तिथून निसटते. नातवाची शिट्टी तीच. पहिले काही आठवडे ती बहुतेकांची वाजते.

उपाय तुम्हाला येतो. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन. वर्तमानपत्र घ्या, बालभारतीचं जुनं पुस्तक घ्या, सावकाश, शब्द तोडून. ओठ हलले पाहिजेत. शेवटी 'चटईला टाचणी टोचली' दहा वेळा. नातवालाच परीक्षक नेमा, शिट्टी मोजायला सांगा आणि रोजचा आकडा भिंतीवर लिहायला लावा. मी माझ्या एका कीर्तनकार पेशंटला हेच सांगितलं होतं. ते तिसऱ्या आठवड्यात फोनवर इतके स्पष्ट बोलले की मी बिल मागायची विसरले. मात्र दोन महिने रोज वाचूनही विशिष्ट अक्षरालाच हवा जात असेल, तर तो दोष जिभेचा नाही, दातांच्या आकाराचा आहे, आणि तो डॉक्टरांनी बदलायचा आहे.

इथून मी आरशातल्या त्या दुसऱ्या बाईकडे येते. तोंडात आहेत ते दात तुमची कच्ची वही आहे. पक्की वही अजून लिहायची आहे. तात्पुरते दात कशासाठी देतात, तर हाड धरेपर्यंत तोंड मोकळं राहू नये यासाठी, आणि काय आवडत नाही ते समजावं यासाठीही. दात फार पांढरे वाटतात का? लांब वाटतात? कवळीची गुलाबी पट्टी ओठाला आतून आधार द्यायची, तो गेल्यानं वरचा ओठ आत गेल्यासारखा वाटतो का? हसताना मधली रेघ नाकाच्या खाली येते की बाजूला? हे सगळं आज बदलता येतं, पक्के दात बसल्यावर बदलायचं तर पुन्हा खर्च आणि पुन्हा कटकट. एक वही करा. काय खुपतं ते तारीख घालून लिहा. तुमचे स्वतःचे दात होते तेव्हाचा हसतानाचा एखादा फोटो शोधा, लग्नातला, शाळेच्या सहलीतला, कुठलाही, आणि तो डॉक्टरांना द्या. पक्के दात करायच्या आधी ट्राय म्हणून नमुना तोंडात बसवून दाखवतात, त्या दिवशी घरचं माणूस बरोबर न्या आणि घाई करू नका.

मुलानं खर्च केला म्हणून तुम्ही गप्प बसलात, तर त्याच खर्चाचं नुकसान होतं. डॉक्टरांपाशी बोललं म्हणजे मुलाशी कृतघ्नपणा झाला असं कुठे आहे? आणि वाईट वाटणं वेगळं, तक्रार वेगळी. दात जाणं म्हणजे अवयव जाणंच आहे. हात-पाय गेला तर गाव भेटायला येतं, दात गेले की लोक विनोद करतात. नऊ वर्षांपूर्वीचं ते रडू तेव्हा राहून गेलं असेल, आता आरशासमोर आलं. येऊ द्या. मुलाला एकदा एवढंच सांगा, की दात चांगले आहेत, मला सवय व्हायची आहे, महिनाभर माझ्या बोलण्यावर हसू नका.

आता मिश्री.

रागावणार नाही. आमच्या आजीच्या डबीला चांदीचं झाकण होतं आणि ती डबी तिच्यासोबत देवळातसुद्धा जायची. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिला दंतमंजन म्हटल्यानं ती तंबाखू असायची थांबत नाही. त्यातलं निकोटीन हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आखडवतं. ज्या दिवसांत हाडाला नवं रक्त हवं, नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही नळ बंद करताय, आणि तेही थेट त्या जागी बोटानं चोळून. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त निकामी होतात हे पक्कं ठाऊक आहे. मिश्रीची खरखरीत पूड वर फळीखाली साचते ते आणखी वेगळं. तोंडाच्या कर्करोगाबद्दल तुम्ही वर्गात मुलांना सांगितलंच असेल.

तर दोन गोष्टी. डॉक्टरांना उद्या सांगा. ते रागावले तर रागावू देत, पण त्यांना ठाऊक असेल तर ते तपासणी लवकर ठेवतील, कदाचित पक्के दात महिनाभर पुढे ढकलतील. लपवलंत तर इम्प्लांट सैल झाल्यावर कारण शोधत बसतील. दुसरी गोष्ट, सवय सोडायला मदत घ्या. सरकारची तंबाखू सोडवण्याची हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. दुकानात निकोटीनचं च्युइंगगम मिळतं, कुणीतरी ते सुचवेल, पण ते तुमच्यासाठी नाही, या दातांनी च्युइंगगम चावायचं नसतं. त्वचेवर लावायची निकोटीनची पट्टी असते, तुमचं बीपी-हृदयाचं बघून डॉक्टर ती चालेल की नाही ते सांगतील. सकाळी मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही म्हणाल, तर ती सगळ्यांचीच तक्रार आहे. कोमट पाणी, पपई, थोडं चालणं, आणि पंधरा दिवस धीर. बोटाला सवय आहे म्हणून मऊ ब्रश हातात घ्या, तेवढ्याच वेळा घ्या.

ब्रशवरून आठवलं. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हिरडी आणि हाड तुमचंच आहे. फळीखाली घाण राहिली की हिरडी सुजते, रक्त येतं, मग स्क्रूभोवतीचं हाड झिजायला लागतं, आणि हे सगळं न दुखता. फळीखालून ओवायचा जाड दोरा मिळतो, सुपरफ्लॉस म्हणतात, तो कसा ओवायचा ते डॉक्टरांकडून आरशात बघून शिकून घ्या. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र मुलाला हौसेनं आणायचं असेल तर आणू दे, पण ते कधीपासून वापरायचं ते विचारूनच.

फळी खाली-वर हलली, चावताना 'टक' असा आवाज आला, पुन्हा सूज आली, पू किंवा घाण वास आला, पाणी पिताना नाकातून आलं, तर त्याच दिवशी फोन करा. तात्पुरते दात तडकतातही. तडकले तर फेविक्विक लावू नका. हसू नका, वर्षातून दोन-तीन जण लावून यायचेच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगितलंय ना, एकदा तपासा. इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते कार्डावर चिकटवून मागून घ्या. दहा वर्षांनी एखादा स्क्रू बदलायचा झाला तर त्या कागदाची किंमत कळते.

ज्या वाचकांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी चार ओळी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, घाबरू नका. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं लावून थांबत थांबत. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. मग मिठाचं कोमट पाणी. जखमेत हळद भरू नका, लवंगेचं तेल लावू नका. उशी उंच ठेवा. वरचा जबडा असेल तर नाक जोरात शिंकरू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि खालचा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर वाटला, तर आठवडाभर वाट बघू नका, लगेच कळवा.

बाई, पुढच्या तपासणीची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ठरली नसेल तर उद्या सकाळी फोन करून या आठवड्यातली घ्या. वही न्या, फोटो न्या, माउथवॉशची बाटली न्या. आणि मिश्रीचं खुर्चीत बसल्याबसल्या सांगा, दाराशी गेल्यावर नाही.